गाळलेलं वाक्य

वामनराव वकिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा सगळं बुऱ्हाणपूर हळहळलं. फक्त त्यांच्या मुलीला, मंगलाला, आतून थोडासा आनंद झाला. असा आनंद व्हायला नको हे तिलाही कळत होतं, पण करणार काय? ज्या मेजाकडे फिरकायची तिला बंदी होती, त्याच मेजापाशी आता तिची खुर्ची लागली. सकाळची शाळा आटोपून ती घरी यायची, हातपाय धुवायची, भाकरीचा तुकडा तोंडात कोंबायची आणि बाबांना कागद वाचून दाखवायला बसायची. वय चौदा, आणि जिभेवर शब्द कसले, तर वहिवाट, हरकत, दाखला, सबब. मैत्रिणींशी भांडण झालं तरी ती म्हणायची, "तुझं म्हणणं पुराव्याअभावी नामंजूर." वर्ग हसायचा आणि तिला वाटायचं, हसा लेको, तुमच्यापैकी कोणाच्या हातचा निकाल चावडीवर लागतो?

साल एकोणीसशे तेहेतीस. त्या उन्हाळ्यात शहरात दुसरा विषयच नव्हता, पाणी आणि पाणी. बुऱ्हाणपूरचं पाणी सातपुड्याच्या पायथ्यापासून जमिनीखालच्या बोगद्यातून वाहत येतं आणि वाटेत त्याला जागोजाग विहिरीसारखी तोंडं ठेवलेली आहेत. त्यांना कुंड्या म्हणतात. काठावर पालथं पडून कान दिला की खोल खाली पाणी कुजबुजताना ऐकू येतं. त्या साली दोन-तीन कुंड्यांच्या पाण्याला वास यायला लागला. म्हणून पाण्यासाठी एक पंचकमिटी नेमली गेली आणि कमिटीने नियम काढला की कुंडीपासून वीस हातांच्या आत तबेला, कातडीकाम, रंगकाम असलं काही चालणार नाही. ज्यांची हरकत असेल त्यांनी लेखी अर्ज करावा. अर्जांचे निकाल द्यायचं काम वामनरावांकडे आलं, कारण ज्याच्याकडे कोणी बोट दाखवणार नाही असा माणूस शोधायला निघालं की लोकांचे पाय त्यांच्याच दाराशी थांबायचे.

नेमका तेव्हाच मंगलाचा चुलतभाऊ नंदकुमार नागपूरहून सुट्टीला आला. तो तिथे कायदा शिकत होता आणि शिकलेलं सगळं पंगतीत ओतायचा. त्याने सांगितलं की न्याय कशाला म्हणायचं यावर विलायतेत मोठा वाद आहे. एक पक्ष म्हणतो, जास्तीत जास्त लोकांचं भलं होईल तो न्याय. पाच घरं उठली आणि पाच हजार लोकांना चांगलं पाणी मिळालं तर बिनदिक्कत उठवावी. वामनरावांना ते पटेना. भात कालवता कालवता ते म्हणाले की मग वकील आणि न्यायाधीश हवेत कशाला, मुंडकी मोजणारा एक कारकून पुरे. तेव्हा नंदकुमारने दुसऱ्या पक्षाचं म्हणणं काढलं. न्याय करणाऱ्याला समोर कोण उभं आहे हे ठाऊकच नसावं. आपला की परका, शेठ की हमाल, काही नाही. त्या जागी उद्या आपणही असू शकतो असं धरून जे योग्य वाटेल तेच खरं.

वामनरावांचा हात ताटातच थांबला.

"माझ्या डोळ्यांवर पट्टी तर देवानंच बांधलीय," ते म्हणाले आणि बऱ्याच दिवसांनी मोकळं हसले. मग त्यांनी आवाजाच्या अंदाजाने मंगलाकडे तोंड वळवलं. "मंगल, उद्यापासून अर्जातलं नाव वाचायचं नाही. गल्ली नाही, जात नाही. ज्या वाक्यावरून माणूस ओळखू येईल ते वाक्य सरळ गाळायचं. मला नंबर सांग आणि प्रश्न सांग. बस."

मंगलाला हे इतकं आवडलं की त्या रात्री तिने आईला तीनदा समजावून सांगितलं. आई म्हणाली, मला कळलं बाई, आता झोप.

दोन नंबरचा अर्ज तबेल्याचा होता. मंगलाने वाचला: चार घोड्या, कुंडीपासून नऊ हात, लीद रोज उचलली जाते. नाव गाळलं. बाबांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, नामंजूर. दुसऱ्या दिवशी त्यांचे जुने दोस्त भाईदास शेठ तणतणत आले. रोज संध्याकाळी ज्यांच्याबरोबर वामनराव सोंगट्या खेळायचे ते हेच. तबेला त्यांचाच होता. ते ऐकून वामनराव आधी चपापले आणि मग त्यांनी मित्राचा हात हातात घेऊन सगळी पद्धत सांगितली. भाईदास शेठ गेले ते पुटपुटतच, पण तबेला हलवला. ही गोष्ट चौकाचौकात पोचली. शाळेतल्या बाईंनीसुद्धा वर्गात मंगलाला उभं केलं आणि म्हणाल्या, बघा मुलींनो, हिच्या घरी न्याय कसा होतो. मंगलाच्या अंगावर त्या दिवशी मूठभर मांस चढलं.

त्याच निकालाच्या खाली वामनरावांनी पुढच्या सगळ्या अर्जांसाठी एक ओळ सांगितली होती आणि मंगलाने ती ठळक अक्षरात लिहिली होती: 'अर्जदार कोण आहे हे मागाहून कळले, एवढ्यावरून दिलेला निकाल बदलला जाणार नाही.'

वर्गात मंगलाच्या शेजारी बसायची लीला. सोजरबाई रंगारणीची मुलगी. घरी लाल रंगाच्या कढया उकळायच्या आणि लीला त्यात हात घालायची, म्हणून शाळेत यायच्या आधी ती चिंच लावून कोपरापर्यंत हात घासायची. तरी नखांच्या कडा लाल राहायच्याच. मुली म्हणायच्या, काय गं, मेंदी लावलीस, लग्न कधीचं? लीला पाटीवरून मान वर न करता म्हणायची, "तुझ्या नवऱ्याचं आणि माझं? पुढच्या सोमवारी." तिला मास्तरीण व्हायचं होतं. सातवीची परीक्षा आठ महिन्यांवर आली होती आणि गणितात ती मंगलाच्या दोन पावलं पुढे होती. मंगला हे कोणाजवळ कबूल करत नसे, फक्त तिची वही मागून घेत असे.

लीलाचं घर कुंडीपासून बारा हातांवर होतं. आणि ते तिथे का होतं हे शहरात लहान पोरालाही माहीत होतं. नऊ वर्षांमागे अर्ध्या शहराचं पाणी एकाएकी बंद झालं. बोगदा कुठे तुंबलाय, कोणाला कळेना. लीलाचा बाप निंबा रंगारी म्हणाला, मी शोधतो. त्याने वरच्या कुंडीत घडाभर लाल रंग ओतला आणि पाण्याबरोबर एकेका कुंडीवर धावत सुटला. जिथे लाल पाणी दिसेनासं झालं तिथे तो दोर बांधून पहार घेऊन उतरला. वर्षानुवर्षांचा चुन्याचा थर साचून दगड झाला होता, तो त्याने फोडला. मागे तटलेलं पाणी एकदम सुटलं. त्या दिवशी दुपारपर्यंत शहरातल्या हौदांना लालसर पाणी येत राहिलं, आणि निंबा काही वर आला नाही. म्युनिसिपालिटीचे तेव्हाचे अध्यक्ष मोतीलालजी कुंडीच्या काठावर सोजरबाईला म्हणाले, ही जागा तुझी, तू आहेस तोवर तुला इथून कोणी हलवणार नाही. कागद कोणी केला नाही. त्या वेळी कागदाचं नाव काढायची कोणाची छाती होती? पुढे मोतीलालजीही वारले.

आता त्याच सोजरबाईला नोटीस आली. अर्ज फेटाळला तर तापीपलीकडे जैनाबादला जागा मिळणार होती. जागा मोठी होती, पण जैनाबादहून रोज नाव पकडून मुलीला शाळेत कोण पाठवणार? म्हणजे लीलाची शाळा संपली.

सोजरबाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून अर्ज लीलानेच लिहायला घेतला, शाळेच्या लिंबाखाली बसून. मधेच थांबून तिने विचारलं की बाबांचं लिहू का, का भीक मागितल्यासारखं दिसेल?

"वेडी का काय तू," मंगला म्हणाली. "खरं ते सगळं लिही. माझे बाबा आंधळा न्याय करतात."

"तुझे बाबा आंधळेच आहेत," लीला म्हणाली, आणि जीभ चावून दोघीही खो खो हसल्या.

कमिटीचा शिपाई सुकलाल अर्जांचा गठ्ठा घेऊन आला त्यात रंगाऱ्यांचेच चार अर्ज होते, आणि सातव्या नंबरला लीलाने लिहिलेला तो अर्ज होता. मंगलाने अक्षर लगेच ओळखलं. कागदाच्या कोपऱ्याला लाल बोट लागलेलं होतं. तिने घसा साफ केला आणि वाचायला लागली. अर्जदाराचं रंगकाम आहे. जागा कुंडीपासून बारा हात. वहिवाट नऊ वर्षांची. रंगाचं पाणी उलट्या अंगाला खड्ड्यात सोडलं जातं, कुंडीकडे जाऊ दिलं जात नाही.

त्याच्या पुढच्या वाक्यात निंबा होता. निंबा, कुंडी, मोतीलालजींचा शब्द, सगळं.

मंगला थांबली. हे वाक्य वाचलं की बाबांना एका श्वासात कळणार कोण आहे ते. मग भाईदास शेठांना एक न्याय आणि लीलाला दुसरा? उद्या बाई वर्गात काय म्हणतील, वकिलांच्या पोरीची मैत्रीण म्हणून सुटली? आणि तिला हेही वाटलं, अगदी खात्रीने वाटलं, की खड्ड्याची गोष्ट पुरेशी आहे. बाबा हुशार आहेत. ते नीट करतील.

"थांबलीस का?" बाबांनी विचारलं.

"पुढचं वाक्य गाळायचं आहे."

"मग गाळ. विचारतेस कशाला?"

"पण बाबा, ते वाक्य..."

"मंगल, त्यात काय आहे हे सांगितलंस तर ते वाचल्यासारखंच झालं ना?"

तिने कागद खाली ठेवला. वामनरावांनी बोटांनी मेजावर ताल धरला, जसा ते विचार करताना धरायचे. मग म्हणाले की पावसाळ्यात खड्डा भरला की पाणी उताराने कुंडीतच जाणार, नऊ वर्षांची वहिवाट म्हणजे काही हक्क नव्हे, आणि इतर काही आधार अर्जात दिसत नाही. सबब नामंजूर. मंगलाने ते आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं. 'इतर काही आधार दिसत नाही' लिहिताना तिचा टाक एकदा अडकला. तिने तो झटकला आणि पुढे लिहिलं. खरं सांगायचं तर तिच्या मनाचा एक कोपरा असा होता जो म्हणत होता, बघ, तू डगमगली नाहीस.

आठवड्याने सुकलाल सह्या घ्यायला आला. वामनराव ओसरीवर चहा पीत होते. सगळे अकरा निकाल झाले असं त्याने सांगितलं, तसे त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं की निंबाच्या बायकोचा अर्ज कसा आला नाही?

"मी रोज वाट बघत होतो," ते म्हणाले. "मोतीलालजींनी तिला शब्द दिला तेव्हा त्यांच्या शेजारी मी उभा होतो. तो ऐकणारे होते तिघे. आता मी एकटा उरलोय. तिनं नुसतं ते एक वाक्य लिहिलं असतं तरी दिलेला शब्द म्हणून मी तिची जागा कायम केली असती. एवढी शहाणी बाई, अर्जच केला नाही?"

सुकलालने मंगलाकडे पाहिलं. सोजरबाईला अर्जाची पावती त्यानेच फाडून दिली होती.

"आला होता बाबा," मंगला म्हणाली.

"कधी?"

"सात नंबर."

वामनरावांनी कप पुन्हा उचलला नाही. चहावर साय धरली. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "ते वाक्य?"

"हो."

ते तिला रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, टोपी घातली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून कमिटीच्या कचेरीत गेले. कचेरीत त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं. म्हणाले, नाव ही एक गोष्ट आणि दिलेला शब्द ही दुसरी. मी नाव झाकायला गेलो आणि त्याच फडक्याखाली तिचा हक्क झाकला गेला. चूक माझी आहे, निकाल मागे घेऊ द्या.

अध्यक्षांनी दोन नंबरचा निकाल काढून मंगलाच्या हातात दिला आणि खालची ओळ वाचायला सांगितली. तिला आपलंच ठळक अक्षर मोठ्याने वाचावं लागलं. मग अध्यक्ष म्हणाले की त्या शब्दाचा साक्षीदार कोण, तर वकीलसाहेब स्वतः. न्याय देणाराच साक्षीला कसा उभा राहणार? आणि बाकीचे दहा जण उद्या येऊन म्हणतील, आमचंही काही गाळलं असेल, तेव्हा काय सांगायचं?

भाईदास शेठ तिथेच बसले होते. त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"वामनराव, माझ्या वेळी तुम्ही डोळे झाकलेत. मी चिडलो, पण घोड्या हलवल्या. मनात म्हटलं, आदमी सीधा आहे. आता पोरीच्या मैत्रिणीसाठी डोळे उघडता काय?"

निकाल कायम राहिला. वामनरावांनी चाचपडत मंगलाचा खांदा शोधला आणि ते दाराकडे वळले.

पुढच्या सोमवारी लीलाची जागा रिकामी होती. मंगळवारीही. मुलींनी सांगितलं की कढया बैलगाडीत चढवल्या, गाडी नदीच्या उतारातून पलीकडे गेली आणि लीला मागून पाण्यातून चालत गेली, चपला हातात घेऊन. मंगलाने दप्तर मधे ठेवून ती जागा अडवून धरली. बाईंनीही आठवडाभर ते दप्तर उचलायला सांगितलं नाही.

घरी सुकलाल आणखी दोन अर्ज घेऊन आला तेव्हा वामनराव म्हणाले, आधी नाव वाच, मग घरात कोण कोण आहे ते वाच, कोणी काय कबूल केलं होतं ते वाच, प्रश्न शेवटी. नंदकुमारला त्यांनी पत्र लिहायला सांगितलं, त्यात एवढंच होतं की तुझ्या दुसऱ्या पक्षाला माझा निरोप दे, डोळे झाकण्याआधी काय झाकायचं ते ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला डोळे उघडे लागतात. मंगलाने पत्र लिहिलं. पूर्वी असं वाक्य मिळालं असतं तर तिने ते दुसऱ्या दिवशी वर्गात आपलं म्हणून खपवलं असतं.

रविवारी बापलेक नावेतून जैनाबादला गेले. वामनरावांनी सातव्या नंबरचा कागद बरोबर घ्यायला सांगितला होता. सोजरबाईने नव्या झोपडीपुढे बाज टाकली आणि तांब्या दिला. पाणी खारं आहे, सांभाळून, असं ती म्हणाली. वामनराव ते सगळं प्यायले. मग त्यांनी हात जोडले, पण अंदाज चुकला आणि ते जोडलेले हात भिंतीकडे झाले. सोजरबाई उठून त्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"तुमच्यावर राग नाही वकीलसाहेब," ती म्हणाली. "पन मले एक समजत नाही. सारे म्हने, वकिलानं कोनाले पाह्यलं नाही, म्हनून न्याव चांगला झाला. पाह्यलंच नाही, त मंग न्याव केला कोनाचा?"

तेवढ्यात लीला मागच्या अंगाने आली. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते. चिंच लावलेली नव्हती, घासलेले नव्हते. मंगलाला वाटलं ती धावत येईल, किंवा शिव्या देईल, दोन्हीसाठी तिची तयारी होती. लीलाने नुसतं विचारलं, "अक्षर ओळखू आलं नव्हतं तुला?"

"आलं होतं."

"म्हणजे आमचा आहे हे कळलं होतं."

"हो."

"मीच तुला विचारलं होतं, लिहू का म्हणून."

मंगलाला सबब, वहिवाट, पुराव्याअभावी, असला एकही शब्द आठवेना. तिने हो म्हणून मान हलवली.

लीलाने तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "आता वाच," ती म्हणाली. "त्यांना ऐकू दे. नावासकट."

मंगलाने कागद उलगडला. नदीवरून वारा येत होता, कागद दोन्ही हातांनी धरावा लागला. तिने वाचलं: "माझे पती निंबा रंगारी याच कुंडीत उतरले व त्यांनी शहराचे पाणी मोकळे केले, परंतु ते वर आले नाहीत, तेव्हा ही जागा मी हयात असेतो माझीच राहील असा शब्द मोतीलालजींनी कुंडीच्या काठावर मला दिला व तो ऐकणारे वामनराव वकील या शहरात आहेत, त्यांना विचारावे."

वामनरावांनी मान खाली घातली होती. त्यांनी विचारलं, "खाली सही आहे?"

"अंगठा आहे," मंगला म्हणाली. "लाल."

तिने वर पाहिलं तेव्हा लीला समोर नव्हती. ती मागे गेली होती, आणि झोपडीच्या पलीकडून कढईत काठी फिरवल्याचा आवाज येत होता, संथ, न थांबता.